डाव्या पेटीचे नट

६ जानेवारी १९८५, रविवार

ही डायरी आज मिळाली. शेतीखात्याची आहे. प्रत्येक पानाच्या तळाला झाडांविषयी एक ओळ छापलेली आहे. आजच्या पानावर ‘मोहोरावर तुडतुडे आले का ते पाहावे’ असे आहे. माझ्याकडे आंब्याचे एकच झाड, तेही रायवळ. पण वाचल्यावर जाऊन पाहून आलो.

डायरी देणाऱ्याचे नाव रावजी. मुरुडचा आहे. खात्यात कलमांच्या रोपवाटिका बघतो. वय पस्तीस-छत्तीस असेल. बायको बाळंतपणात गेली, मूल नाही, असे लवू होडीवाल्याने सांगितले. माझ्याकडे काम घेऊन आला आणि मापे लिहून ठेवायला म्हणून डायरी दिली. मी म्हटले, मी चौथी नापास, मापे मी लिहीत नाही, बांबूच्या कामटीवर खुणा पाडतो. तो म्हणाला, “मग दुसरे काही लिहा, आप्पा. मनात येईल ते.”

मनात येईल ते लिहायला लागलो तर ही डायरी फेब्रुवारीतच संपेल.

काम ऐकून मी हबकलो. त्याच्याकडे बुलेट आहे, मिलिटरीतून निघालेली. तिच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना त्याला पत्र्याच्या पेट्या बसवून हव्या आहेत. बदली वेंगुर्ल्याला झाली आहे, पुढेही लांब लांब फिरायचे आहे, सामान सगळे गाडीवरच नेणार म्हणतो. चाळीस वर्षे मी दाभोळात ट्रंका करतो. या खाडीतल्या निम्म्या खलाशांनी माझ्या ट्रंका बोटीवर नेल्या. पण ट्रंक ही खाटेखाली राहणारी वस्तू. ती धावत्या गाडीला टांगायची हे मी कधी ऐकले नव्हते.

“रस्त्यात पडली म्हणजे?” मी विचारले.

“तुम्ही बसवल्यावर कशी पडेल?”

लोक असे बोलून जातात आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

बायको, यमुना, आतून म्हणाली, “घ्या की काम. आता ट्रंका लागतात कुणाला?” ते खरे आहे. आता सगळे चेनच्या बॅगा नेतात. घेतले काम.

घरात आम्ही तिघे. मी, यमुना आणि आमच्या मुलाची, विठूची बायको कमळा. विठू चार वर्षांपूर्वी कोचीनच्या पुढे बोटीवरून पाण्यात पडला. सापडला नाही. त्याची ट्रंक कंपनीने परत पाठवली. मीच केलेली. कडीसुद्धा शाबूत होती.

८ जानेवारी, मंगळवार

माझी पद्धत अशी आहे. गिऱ्हाइकाला काय ठेवायचे ते विचारायचे, बांबूची एक कामटी घ्यायची, तिच्यावर लांबी, रुंदी, उंचीच्या खुणा पाडायच्या आणि ती खिळ्याला टांगायची. एका गिऱ्हाइकाची एक कामटी. काम संपले की मोडून चुलीत. इंच आणि सेंटिमीटर यात माझी फसगत होते, कामटीत होत नाही.

रावजी आज स्वतःच कामटी घेऊन आला. तिच्यावर खुणा नव्हत्या, तीन दोरे बांधले होते. लाल तो लांबीचा, निळा रुंदीचा, पांढरा उंचीचा. म्हणाला, “डाव्या पेटीचे आतले माप. बाकी कसेही करा, हे तेवढे चुकवू नका.”

“ठेवणार काय?”

“एक यंत्र आहे. तेरा किलो भरेल. नाजूक आहे, आदळून चालणार नाही.”

खात्याचे काहीतरी असणार. मी जास्त विचारले नाही, पण धास्तावलो. सरकारी यंत्र आणि माझी पेटी. मोडले तर मला चौकशीला वेंगुर्ल्याला नेतील का रत्नागिरीला, कोण जाणे.

दोऱ्यांच्या गाठी बघत बसलो. दुहेरी गाठ, टोके बारीक कापलेली. बुलेट चालवणाऱ्या माणसाचा हात इतका हलका असेल असे वाटले नव्हते.

११ जानेवारी, शुक्रवार

आज गाडीच्या मडगार्डला भोके पाडली. चांगल्या चालत्या गाडीला भोक पाडायचे म्हणून खूण तीनदा तपासली. रावजी शेजारी उभा राहून शेंगा खात होता.

मग त्याने नवीनच काढले. डावी पेटी वीतभर मागे घ्या म्हणाला. मी विचारले, का? मागे घेतली तर वजन चाकाच्या मागे लोंबते, पट्टीवर ताण येतो.

“मागे कुणी बसले तर पाय ठेवायला जागा हवी ना.”

“मग उजवीही मागे घ्यायला हवी.”

“उजवीकडे पाय येत नाहीत.”

मी विचार केला. दोन्ही पाय डावीकडे सोडून बसतात त्या बायका. पुरुष तसा बसत नाही. पण खात्यात हल्ली बायका नोकरीला आहेत. मुंबईला तर आहेतच. असेल कोणी बाई, असे यमुनेलाही म्हटले. माझे काय जाते? पट्टी मात्र जाडी घ्यावी लागेल.

१४ जानेवारी, संक्रांत

रावजी तिळगूळ घेऊन आला. मला दिला, यमुनेला दिला, कमळेला दिला. कमळेला शिवणाची रिळेही आणली होती, सहा रंगांची. मी म्हटले, हा खर्च कशाला? तर यमुनाच म्हणाली, “आणली तर आणली, तुम्हाला काय?” कमळा आत गेली ती बराच वेळ मशीनवर बसली. कुणाचा ब्लाऊज होता ते मी विचारले नाही. ती विठूच्या मागे शिवणावरच घर चालवायला हातभार लावते. मशीन विठूनेच पहिल्या पगारात आणले होते.

लवू अंगणाबाहेरून ओरडला, “काशीराम, कर्व्यांच्या मुरुडचा माणूस तुझ्याकडे रोज येऊन काय शिकवतोय रे?” मी सांगितले, शिकवत नाही, पेट्या करून घेतोय. लवू हसत हसत गेला. त्याला कशाचेही हसू येते.

१८ जानेवारी, शुक्रवार

यमुना आणि कमळा सकाळच्या एसटीने दापोलीला डोळे दाखवायला गेल्या. यमुनेला हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही. संध्याकाळी आल्या. डॉक्टरने चष्मा नको सांगितले म्हणे.

दोघींच्या वहाणांत वाळू होती. ओटीवर झटकली तेव्हा मूठभर निघाली. पांढरी, समुद्राची. दापोलीत वाळू कुठून आली? मी विचारले तर यमुना म्हणाली, तिथे बांधकाम चालले आहे. बांधकामाला समुद्राची वाळू वापरतात हे ऐकून मला धक्काच बसला. खारी वाळू. ती इमारत दहा वर्षे टिकायची नाही. दवाखाना असला तर माणसे मरतील. रावजी सरकारात आहे, त्याच्या कानावर घालायला हवे.

२३ जानेवारी, बुधवार



आज पेट्या लावून गाडी चालवून बघितली. डावीकडे यंत्राच्या जागी नारळ भरले. सोललेले बावीस नारळ म्हणजे तेरा किलो, वाण्याच्या काट्यावर बघून आणले. उजवीकडे रावजीने आपली पुस्तके आणि कपडे घातले. तो एकटाच बंदराच्या चढावर जाऊन आला. येताना बघतो तर उजव्या पेटीतून धूर.

कमळा कळशी घेऊन धावली आणि पेटीवर उपडी केली. सायलेन्सर उजवीकडे आहे, त्याची धग पेटीच्या बुडाला लागली, रंग भाजला आणि आत तळाला घातलेला गोणपाट पेटला. त्याची दोन पुस्तके भिजली. रावजी म्हणाला, “बरे झाले इथेच झाले.” कमळा म्हणाली, “हात बघू.” त्याचा हात पोळला होता. यमुनेने खोबरेल आणून दिले आणि कमळेने लावले.

मी मनात म्हटले, चाळीस वर्षांत माझी एकही ट्रंक पेटली नव्हती. आता पेटी तीन बोटे बाहेर काढतो आणि मध्ये ॲस्बेस्टॉसचा तुकडा घालतो.

२६ जानेवारी, शनिवार

शाळेत झेंडावंदन बघून घरी आलो तर अंगणात बुलेट स्टँडवर उभी आणि तिच्यावर कमळा बसलेली. दोन्ही पाय डावीकडे, हात मांडीवर. शेजारी यमुना उभी. रावजी तिथे नव्हता.

कमळा पटकन उतरून घरात गेली.

“हे काय चालले आहे?”

“पाय पेटीला लागतात का बघत होतो,” यमुना म्हणाली. “तुम्हीच म्हणालात ना, मागे बसणारी बाई असेल. मग बाईला बसवूनच बघायला नको? मी बसले असते, पण माझे गुडघे.”

“लागतात का?”

“नाही लागत. चांगली जागा आहे.”

काम नीट झाले याचे बरे वाटले. पण विधवा सून दिवसाढवळ्या परक्याच्या गाडीवर बसलेली कुणी पाहिली असती तर? मी अंगणाच्या दगडी गडग्यावरून दोन्हीकडे बघून आलो. कोणी नव्हते. फक्त लवूची बायको मासे वाळवत होती आणि तिने मान खाली घातली.

२९ जानेवारी, मंगळवार

आज जे झाले ते कसे लिहू?

डाव्या पेटीत यंत्र हलू नये म्हणून आतून लाकडी पट्ट्या लावायच्या होत्या. कामटी घेऊन ओटीवर बसलो. कमळा पाण्याला गेली होती. तिचे मशीन समोर होते, लाकडी झाकण घातलेले. दोऱ्याच्या गाठी नीट दिसेनात म्हणून उजेडाला वळलो आणि कामटी मशीनच्या झाकणावर टेकली. लाल दोरा बरोबर टोकाला आला.

मी कामटी उचलली आणि आडवी धरली. निळा बरोबर. उभी धरली. पांढरा बरोबर.

एकाच मापाच्या दोन वस्तू असतात, नाही असे नाही. मी पुन्हा धरली. मग झाकण काढून मशीन उचलून बघितले. तेरा किलो मला आता हाताला कळतात.

मग सगळे एकदम आले. रिळे, वाळू, पायांची जागा. मुरुडला समुद्र आहे. मी कामटी हातात धरून तसाच उभा राहिलो. कमळा कळशी घेऊन दारात आली, तिने माझ्या हाताकडे बघितले आणि तिथेच थांबली. कळशीतले पाणी तिच्या खांद्यावरून सांडत होते, तरी तिने कळशी उतरवली नाही.

“गाठी तू बांधल्यास?” मी विचारले.

“आईंनी बांधल्या,” ती म्हणाली. “मला बांधवेनात.”

आई म्हणजे यमुना. माझी बायको. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणणारी.

३० जानेवारी, बुधवार

काल जेवलो नाही. आज यमुनेशी बोललो. बोललो म्हणजे मी ओरडलो आणि ती तांदूळ निवडत राहिली.

मी म्हटले, विठूची आई असून तू हे केलेस? वर्षभर जिच्या डोळ्यांचे पाणी खळले नाही, ती तू? ती म्हणाली, “विठूचीच आई आहे म्हणून केले. तो मला स्वप्नात येऊन काही सांगत नाही. ही पोर मात्र चार वर्षे माझ्या समोर बसली आहे. सत्तावीस वर्षांची आहे. आपण दोघे गेल्यावर ती कुणाच्या ओटीवर मशीन ठेवणार?”

“मला का नाही सांगितले?”

“तुम्ही इमारतीची वाळू मोजत बसलात.”

पण माझ्याकडूनच पेट्या करून घ्यायच्या? माझ्या हाताने माझेच घर रिकामे करायचे? गावात दुसरा पत्र्याचे काम करणारा नाही हे खरे. पण दापोलीला आहे की.

हे मी तिला विचारले. ती म्हणाली, “दापोलीवाल्याची पेटी पडली असती.”

१ फेब्रुवारी, शुक्रवार

रावजी आला. अंगणातच उभा राहिला, वर आला नाही. रोज परवानगी न घेता ओटीवर बसणारा माणूस आज पायरीवर पाय ठेवत नव्हता.

“आप्पा, पहिल्या दिवशीच सांगायला हवे होते. धीर झाला नाही.”

“पेट्यांचे सांगायला धीर झाला.”

“त्या निमित्ताने सांगू म्हटले होते.” मग म्हणाला, “रविवारी मुरुडला माझ्या काकांच्या अंगणात लग्न लावायचे म्हणतो. सोमवारी निघायचे. पण तुम्ही नको म्हणालात तर मी एकटा जाईन. ती तसेच म्हणते. तुमच्या तोंडून हो आल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही.”

हे ऐकून मी आणखी घाबरलो. इतके दिवस मला कोणी काही विचारले नाही, आणि आता सगळे माझ्या एका शब्दावर आणून ठेवले. नको म्हणालो तर ती राहील. रोज समोर राहील. हो म्हणालो तर जाईल. आतून मशीनचा आवाज येत नव्हता. दोघी दाराआड होत्या, मला त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. बांगड्या यमुनेच्याच, कमळेला कुठल्या?

“पेट्या पुऱ्या करतो,” मी म्हणालो.

रावजीने ते हो धरले. दाराआडही हो धरले असावे, कारण यमुनेने चहा टाकला.

३ फेब्रुवारी, रविवार

सगळी सकाळच्या एसटीने मुरुडला गेली. मी गेलो नाही. गाडी माझ्याकडे होती, शेवटचे काम व्हायचे होते.

डावी पेटी चार नटांवर आहे. नट पेटीच्या आतून आहेत, मुद्दाम, म्हणजे बाहेरून कोणी चोरणार नाही. यंत्र आत बसले की नट त्याच्या मागे जातात, दिसत नाहीत.

पुढचे दोन पान्याने आवळले. मागचे दोन हाताने लावले. वॉशर घातले नाहीत. पान्याने आवळले नाहीत.

विसरलो असे लिहिणार होतो. ही डायरी कोण वाचतो? विसरलो नव्हतो. पाना हातात होता.

आयुष्यभर मी बघितले आहे, कडी सैल झाली की ट्रंक माझ्याकडे परत येते. मूठ निखळली, बिजागरी तुटली, परत माझ्याकडे. कुठे मुंबईला गेलेला माणूस शिमग्याला ती खांद्यावर घेऊन येतो आणि म्हणतो, आप्पा, तेवढे बघा. पेटी हलायला लागेल. गुहागरला, फार तर जयगडच्या फाट्याला. म्हणतील, आप्पांकडे जाऊन आवळून घेऊ. चार दिवस राहतील. चार दिवस राहिली की यमुनेचेही मन पालटेल, तीही पाठवायला नको म्हणेल. एवढेच. मी वाईट काही केले नाही.

संध्याकाळी आली. कमळेच्या हातात हिरव्या बांगड्या आणि कपाळाला कुंकू. मला ओळखूच आली नाही क्षणभर. तिने वाकून नमस्कार केला. माझे हात ग्रीसने काळे होते म्हणून मी डोक्यावर ठेवले नाहीत, वरच धरले. ती तशीच वाकून थांबली होती. शेवटी यमुनेने तिला उठवले.

रावजी लवूकडे उतरला आहे. उद्या सातला निघणार.

४ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी

गेली. डावीकडे मशीन ठेवले, उजवीकडे कपडे, आणि वजन सारखे व्हावे म्हणून यमुनेने नारळ भरले. मी लांबून बघितले. गाडी सरळ उभी होती.

मशीनची जागा ओटीवर रिकामी दिसत होती. चौकोन पडला होता, भोवती धूळ आणि मध्ये स्वच्छ. यमुनेला ते बघवेना. तिने खाटेखालून विठूची ट्रंक ओढली आणि तिथे आणून ठेवली. मी कडीकडे बघितले. पितळेची, माझ्या हातची, अजून घट्ट.

ट्रंक परत येते. ट्रंक परत आलीच होती.

लिहीत बसायला वेळ नाही. पाना कुठे आहे?

४ फेब्रुवारी, दुपारी

आता लिहितो.

ट्रंकेकडे बघता बघता माझ्या डोळ्यांसमोर दुसरेच आले. मागचे दोन नट गळून पडले, पेटी पुढच्या दोनवर लोंबते आहे, वीतभर मागे घेतलेली, तेरा किलोची. ती सरळ खाली पडणार नाही. आत वळणार, चाकाच्या तारांत. आणि कमळेचे दोन्ही पाय त्याच बाजूला. मी तिच्या पायांची जागा स्वतः मोजली आणि ही गोष्ट मला काल दिसली नाही. दिवसभर पाना हातात असून दिसली नाही.

मी पाना घेतला आणि वॉशर घेतले आणि अनवाणी निघालो. यमुना मागून विचारत होती, काय झाले, काय झाले. एवढेच म्हटले, “नट.” तिने माझ्या हातातल्या पान्याकडे बघितले आणि “पळा” म्हणाली. तिला कळले असावे.

उद्या पुनव आहे. पुनवेच्या आसपास सकाळी खाडीचे पाणी फार खाली जाते, धक्क्याची शेवटची पायरीसुद्धा उघडी पडते. माणसे चिखलातून होडीत चढतात, पण बुलेट चढवायची तर पाणी धक्क्याला लागेपर्यंत थांबावे लागते. एवढ्याच आशेवर मी पळत होतो. वाटेत दोनदा ठेच लागली. बंदराच्या उतारावर पोचलो तेव्हा पाणी चढले होते आणि गाडी दोन फळ्यांवरून होडीत गेलेली होती. लवू दोर सोडत होता.

मी हाक मारली. ती मला वाटले तेवढी मोठी निघाली नसावी, पण कमळेने ऐकली.

लवू म्हणाला, “काय रे काशीराम, पोरीला द्यायचे काही राहिले काय, अनवाणी पळत आलास तो?”

“नट बघायचे राहिले.”

“आता? भरती तुझ्यासाठी थांबणार आहे?”

“मशीन बाहेर काढा,” मी रावजीला म्हणालो.

तो म्हणाला, “आप्पा, पलीकडे धोपाव्याला उतरल्यावर मी बघतो.”

“मशीन बाहेर काढा म्हटले ना.”

मी चारचौघांत कुणावर असा आवाज चढवत नाही. होडीतली पाच-सहा माणसे वळून बघायला लागली. रावजीने पेटी उघडली आणि मशीन उचलले. ठेवायला कोरडी जागा नव्हती, होडीच्या बुडात पाणी होते. कमळा आडव्या फळीवर बसली आणि तिने मशीन मांडीवर घेतले.

मी होडीत चढून पेटीत हात घातला. मागचा पहिला नट बोटाने फिरला. बोटाने. लवूच्या धक्क्यापर्यंतच्या त्या एवढ्याशा रस्त्यात तो अर्धा सुटून आला होता. दुसरा त्याहून सैल. मी तो काढला तेव्हा बोटांतून निसटला आणि कमळेच्या पायाशी पडला.

तिने एका हाताने मशीन धरले, दुसऱ्याने नट उचलला. उचलून बघितला. मग बोल्टकडे बघितले. मग माझ्या मुठीतल्या वॉशरकडे बघितले, जे मी घरून घेऊन आलो होतो. विठूच्या पाठीमागे चार वर्षे ती माझ्या शेजारी बसून शिवते आहे. मी एक नट किती वेळा तपासतो ते तिला माहीत आहे. उकळत्या आधणावरचे झाकणसुद्धा मी दोनदा बघतो.

मला वाटले, आता बोलेल. आता सगळ्यांसमोर बोलेल आणि मी या खाडीत उतरेन.

तिने नट माझ्या हातावर ठेवला. “किती फेरे, आप्पा?” तिने विचारले.

“घट्ट होईपर्यंत. मग वर अर्धा.”

मी वॉशर घातले. दोन्ही आवळले. मग पुढचेही पुन्हा बघितले. मग उजव्या पेटीचे चारही. रावजी गाडी धरून उभा होता, त्याला काही कळले नव्हते. तो म्हणाला, “आप्पांसारखा कारागीर बघितला नाही. पाण्यात येऊन नट बघतात.” होडीतल्या एका म्हाताऱ्याने मान हलवली. मला तेव्हा मरून जावे असे वाटले.

मशीन आत ठेवले, पेटी लावली. मी होडीतून उतरताना पाय घसरला तेव्हा कमळेनेच दंड धरला. हिरव्या बांगड्या माझ्या हाडाला लागल्या.

ती हळू म्हणाली, “हे नट मधून मधून बघावे लागतील ना?”

“लागतात. गाडीच्या हादऱ्याने सुटतात.”

“किती दिवसांनी?”

मी म्हणालो, “रावजीला आवळता येतात. सहा महिन्यांनी बघितले तरी पुरे.”

“नाही,” ती म्हणाली, “दोन महिन्यांनी तुमच्याकडेच आणू.”

होडी सुटली. लवूने ती प्रवाहात घेतली तेव्हा गाडी एकदा डोलली आणि सरळ झाली. मी ती धोपाव्याच्या बाजूला लागेपर्यंत उभा होतो. चढावर बुलेटचा आवाज बराच वेळ ऐकू आला, मग नाही.

घरी आलो तर यमुना ट्रंकेवर बसली होती. तिने विचारले, “नट लागले?”

“लागले.”

तिने पुढे काही विचारले नाही. माझे पाय धुवायला पाणी आणले, अंगठ्याला हळद लावली. मी कामटी खिळ्यावरून काढली आणि चुलीपाशी नेली, काम संपले म्हणून. तिने ती माझ्या हातातून घेतली आणि परत खिळ्याला लावली.

“दोन महिन्यांनी येणार आहेत,” मी सांगितले.

“मग मोडता कशाला?”

आता ही डायरी पुढे उघडली. ४ एप्रिल, गुरुवार. पान कोरे आहे, तळाला ‘काजूच्या बिया गोळा करून उन्हात वाळवाव्यात’ अशी ओळ आहे. तिच्यावर लिहून ठेवतो:

डाव्या पेटीचे नट बघणे. चारही. पान्याने.